बारा बाटल्या आणि साबणाची वडी

२ मार्च

विहीणबाई,

एक-दोन दिवसांत तुमच्या दुकानात एक लाकडी खोकं येईल. आणणाऱ्याला ते आडवं करू देऊ नका. तो करेलच, पण तुम्ही ओरडा. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा बाटल्या आहेत. बिअर आहे, मी घरी केलेली.

तुमच्या मुलीने सांगितलं असेलच की सासूबाईंना निवृत्तीनंतर नवं खूळ लागलंय. 'खूळ' हा शब्द तिचाच, मी दाराआडून ऐकला. असो. एकतीस वर्षं दुग्धालयाच्या चवघरात लोणी आणि चीज जिभेवर ठेवून 'पास' आणि 'नापास' म्हटल्यावर माणसाने घरी बसून काय करावं, भरतकाम?

या बिअरमध्ये बाजारचं यीस्ट नाही. मागच्या अंगणातल्या नासपतीच्या झाडाची फळं न धुता सोलली आणि साली उकळून निववलेल्या सातूच्या पाण्यात टाकल्या. सालीवर जे रानटी यीस्ट बसलेलं असतं, त्यानेच सगळं काम केलं. असली बिअर बाटलीत गेल्यावरही गप्प बसत नाही, महिन्या-महिन्याला चव बदलत राहते. ती कशी बदलते हे मला वर्षभर पाहायचंय, आणि त्यासाठी दोन जिभा लागतात. दुसरी तुमची. माझ्या ओळखीत खोटं कौतुक न करणारं माणूस उरलेलं नाही, आणि तुम्ही शिवणाऱ्या बाई. अर्धा इंच कमी पडला तर तो अर्धा इंचच म्हणाल, असं मी धरून चाललेय.

नियम असे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघींनी एकेक बाटली उघडायची. जे लागेल ते त्याच दिवशी लिहायचं आणि त्याच दिवशी टपालात टाकायचं. फोन करायचा नाही. फोनवर एकीने 'आंबट' म्हटलं की दुसरीच्या जिभेला आंबटच लागतं, हे मी चवघरात हजारदा पाहिलंय.

आणि कौतुक नको. मुलगी दिलीत तेवढं पुष्कळ झालं.

तुमची विहीण


६ एप्रिल

आदरणीय विहीणबाई,

खोकं सुखरूप आलं. तो माणूस आडवंच घेऊन आला होता, आपण सांगितल्याप्रमाणे मी ओरडले. मला ओरडता येत नाही म्हणून तो हसला.

बाटल्या कापड बेतायच्या टेबलाखाली ठेवल्या आहेत. दुकान तळघरात असल्यामुळे तिथे गार असतं. आज रविवार, दुकान बंद. मी मुद्दाम आले आणि एक उघडली.

खरं सांगते, खूपच सुंदर आहे. थोडी आंबट आहे, पण छान आंबट. कच्चं द्राक्ष दाताखाली फुटावं तसं. रंग गढूळ दिसला, पण तोही शोभतो. वास नासपतीच्या सालीचा. आपल्या हाताला गुणच तसा आहे. आमच्या मुलीचं नशीब थोर.

मुलीने सांगितलेल्या आपल्या घरगुती बिअर मंडळात ही बिअर सर्वांना आवडेल यात मला शंका नाही.

आपली नम्र


१ जून

विहीणबाई,

तुमची एप्रिल आणि मे महिन्यांची पत्रं मिळाली. दोन्हींतून 'सुंदर', 'छान' आणि 'शोभतो' हे शब्द काढून टाकले की जे उरतं ते उपयोगाचं आहे. कच्चं द्राक्ष बरोबर. मलाही तेच लागलं. तेवढंच लिहीत चला.

आता ऐका. काल घरगुती बिअर मंडळाची बैठक होती, लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये. आमचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. मी एक बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ओतली आणि ग्लासात पडताना आवाजच झाला नाही. अंड्यातला पांढरा बलक सुटावा तशी घरंगळली. चमच्याने उचलली तर पाकाला येते तशी तार आली. सगळ्यांनी माना लांब करून पाहिलं. दंतवैद्यांनी जिभेचं टोक लावल्यासारखं केलं आणि माझ्या कार्डावर लिहिलं, 'बिघडली आहे. ओतून द्यावी.'

मी म्हटलं, "चव तर घ्या. तार जिभेला लागते, चवीला नाही. आंबटपणा खाली स्वच्छ आहे."

तर म्हणतात कसे, "बाई, वय झालं की नाक आधी जातं. आपल्याला कळत नाही, इतरांना कळतं."

विहीणबाई, जन्मभर लोकांच्या दाढांत डोकावलेला माणूस मला नाकाबद्दल सांगतो!

मी ओतणार नाही. रानटी यीस्टसोबत एक जंतू येतो, तो ही तार काढतो. आणि तेच यीस्ट सावकाश ती तार खाऊन टाकतं, असं मी वाचलंय. किती दिवसांत, ते कुणी नीट लिहीत नाही. मी थांबणार. पुढच्या मार्चमध्ये मंडळाची वार्षिक चवपरीक्षा आहे, तिथे हीच बिअर त्याच टेबलावर ठेवणार.

पण तुम्हाला एक सांगते, मुलाला सांगितलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात मला जो ताप आला होता, त्यात वीस दिवस कशाचाच वास येत नव्हता. पुढे आला. पण सगळा आला की पाऊणच, हे मला कोण सांगणार? दुग्धालयात अजून महिन्याच्या पंधरा तारखेला मला चवघरात बोलावतात. माझ्या एका 'पास'वर गाडीभर लोणी बाहेर पडतं. नाक गेलेलं असेल तर त्या खुर्चीवर बसायचा मला हक्क नाही. दुसरी जीभ मी त्यासाठी शोधली होती. बिअर हे निमित्त.

तेव्हा आजची तुमची बाटली कशी निघाली ते सरळ लिहा. तुमच्याकडेही तार आहे का?

तुमची विहीण


१० जून

आदरणीय विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. पत्र त्याच दिवशी लिहिलं होतं, टपालात टाकायचं राहिलं आणि मग कुठे गेलं कोण जाणे. नाटक कंपनीचे चाळीस अंगरखे शिवायला आलेत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

त्या दंतवैद्यांचं बोलणं वाचून मला फार वाईट वाटलं. आपल्या नाकाला कुणी काही बोलू नये. मी ठामपणे सांगते, बिअर मुळीच बिघडलेली नाही. माझ्याकडे तार वगैरे काही नाही. उलट छान मुरत चाललीय. मधासारखा वास येतो आणि मागून जर्दाळूची चव. त्यांना खुशाल सांगा, माझ्या विहिणीची साक्ष आहे म्हणून.

बाटल्यांची माझ्याकडे काही अडचण नाही. टेबलाखालचा कोपरा अगदी मोकळा मोकळा वाटतो.

आपली नम्र


७ सप्टेंबर

विहीणबाई,

तीन महिने तुमची पत्रं वाचतेय आणि समोर माझी बाटली ठेवून बघतेय. मेळ बसत नाही.

जूनमध्ये तुम्हाला मध लागला, मला तेलकट आंबटपणा. जुलैत तुम्हाला जर्दाळू, मला पावाची मळलेली कणीक. ऑगस्टमध्ये तुम्हाला 'पिकल्या फळांचा मंद दरवळ', मला लोणी. ताजं नव्हे, दिवसभर बाहेर राहिलेलं. लोण्याच्या बाबतीत तरी मी चुकत नाही, असं आजवर समजत होते.

आजची सांगते. तार पातळ झालीय. चमचा उचलला की जेमतेम बोटभर येते आणि तुटते. ओतताना आवाज झाला, थोडासा. लोण्याचा वास निम्म्याने कमी. आंबटपणाच्या कडा बोथट झाल्यात. मला तर वाटतं बिअर आजारातून उठतेय.

पण मग तुमची आजारी पडलीच कशी नाही? एकाच पातेल्यातली, एकाच दिवशी भरलेली. मी घरातला गारवा मोजला, बुचं तपासली. तुमचं तळघर आणि माझी कोठीची खोली यांत फार फरक नसावा. मग फरक राहिला जिभांचा.

दोन जिभांमध्ये एक खोटी असेल तर ती तापातून उठलेली असणार, नाही का?

स्पष्ट लिहा. मी रडणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला साबणाची वडी चाटायला लावायच्या. मी दोनदा चाटलीय. तेव्हापासून मला खऱ्याची चव सोसते.

तुमची विहीण


१८ सप्टेंबर

आदरणीय विहीणबाई,

आपण उगीच मनाला लावून घेताय. जीभ दमतही असेल. इतकी वर्षं काम केलंय तिने. काही महिने हा उद्योग थांबवला तर? बिअर काय, कुठे पळून जातेय.

माझी याही वेळेस उत्तम होती. भिजवलेल्या बेदाण्यांची चव आणि थोडा मध. आपल्यालाही तशीच लागली असती, पण हवामानाचा परिणाम होत असेल. इकडची हवा कोरडी.

मुलीचा फोन आला होता. जावईबापूंची बदली होणार असं म्हणत होती. आपल्या तब्येतीची चौकशी करत होती. मी म्हटलं, त्या अगदी ठणठणीत आहेत.

आपली नम्र


२ नोव्हेंबर

विहीणबाई,

आपलं पत्र मिळालं. आपण इतक्या अगत्याने दर महिन्याला लिहीत आलात, त्याबद्दल आभारी आहे.

तार पूर्णपणे गेली. आजची बिअर काचेसारखी स्वच्छ आहे. मला वाळक्या गवताचा वास आला आणि एखादी जुनी चामड्याची वस्तू हातात घेतल्यासारखा. आंबटपणा गोल झालाय. मध किंवा बेदाणे मला लागले नाहीत. ऑक्टोबरमध्येही लागले नव्हते.

आपण म्हणता तसंच असावं. जीभ दमली असेल.

दुग्धालयाला राजीनामा लिहून ठेवला आहे. येत्या पंधरा तारखेला चवघरात जायचं, त्याच वेळी देईन. मार्चच्या चवपरीक्षेतही भाग घेणार नाही. आपल्याला काय लागतंय हे ज्याला कळत नाही, त्याने चार लोकांपुढे ग्लास ठेवू नये.

आपल्याला विनाकारण त्रास दिला. उरलेल्या बाटल्या आपण आणि आपल्या कारागीर बाईंनी आनंदाने संपवाव्यात.

आपली विहीण


७ नोव्हेंबर

विहीणबाई,

आज रविवार नाही, पण तुमचं पत्र आलं आणि मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. तुम्ही मला कधी 'आपण' म्हणत नाही. आठ महिन्यांत तुमच्या प्रत्येक पत्राने मला दटावलं. या एका पत्रात एकही टोमणा नाही. ते वाचून मला धडकी भरली.

तुमची जीभ खरी आहे. माझी पत्रं खोटी आहेत.

जूनच्या पहिल्या रविवारी मी तिसरी बाटली उघडली आणि ओतली. आवाज न करता एक जाड दोरा ग्लासात उतरला. मी घाबरून बाटली सरळ केली तर तो दोरा उलटा बाटलीत गेला. शिवणयंत्राचं तेल जसं डब्याच्या तोंडाशी लोंबतं ना, अगदी तसंच. मला वाटलं विषच झालंय. कुणी चुकून प्यायलं तर काय? उरलेल्या नऊच्या नऊ उघडून दुकानामागच्या मोरीत ओतल्या. बाटल्या धुतल्या आणि त्यांत बटणं भरून ठेवली, रंगवार. खूप छान दिसतात, हेही सांगून टाकते, आता काय लपवायचं राहिलंय.

तुम्हाला तसं लिहायलाच बसले होते. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. दंतवैद्यांनी सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला, आणि मीही लिहू का, की हो, बिघडली आहे, मी ओतली? मला वाटलं, मी 'चांगली आहे' म्हटलं तर तुमची बाजू बळकट होईल. मुलीकडच्या माणसांना चांगलंच म्हणायची सवय असते, विहीणबाई. लग्न ठरल्या दिवसापासून मी तुम्हाला नुसतं चांगलंच म्हणत आलेय. तुमची खीर आमच्याकडे आली तेव्हा ती तळाला लागली होती. तेव्हाही मी 'वा' म्हटलं.

मध, जर्दाळू, बेदाणे हे सगळं वाचनालयातल्या एका जाड पुस्तकातलं आहे. त्यात लिहिलंय की चांगली जुनी बिअर अशी लागते. पहिल्या खोट्यानंतर दुसरं आपोआप आलं, उसवलेल्या शिवणीसारखं. सप्टेंबरमध्ये तुम्ही 'स्पष्ट लिहा' म्हणालात, तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही मी तुमच्या जिभेवरच ढकललं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

राजीनामा देऊ नका. दिलात तर तो माझ्यामुळे दिलात असं मी जन्मभर समजेन.

ही चिठ्ठी मी स्वतः टपाल कचेरीत जाऊन जलद डाकेने पाठवतेय.

तुमची विहीण


११ नोव्हेंबर

विहीणबाई,

मोरीत! नऊ बाटल्या! ज्या बिअरने सहा महिने आजार काढून स्वतःला बरं केलं असतं, ती तुम्ही मोरीला पाजलीत!

पत्र वाचून मी इतक्या जोरात खुर्ची सरकवली की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले. मी त्यांना म्हटलं, काही नाही, माझ्या विहिणीने मला पाच महिने जर्दाळू खाऊ घातले.

तुमच्यावर चिडले तर आहेच. माझ्यावर त्याहून जास्त. एकतीस वर्षं मी चवीवरून दुधातलं पाणी ओळखलं आणि तुमच्या पत्रातलं पाणी मला ओळखता आलं नाही. 'पिकल्या फळांचा मंद दरवळ' असं जिवंत शिंपिणीच्या तोंडून निघेल का? कोपरा मोकळा मोकळा वाटतो, असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत, तरी मी वाचून पुढे गेले. भीती वाटली की माणूस बावळट होतो. मला त्या वीस दिवसांची भीती होती, म्हणून मी तुमच्या मधावर विश्वास ठेवला आणि माझ्या लोण्यावर नाही.

आणि खीर तळाला लागली होती हे मला माहीत होतं. तुम्ही 'वा' म्हटलंत तेव्हाच मला कळायला हवं होतं.

राजीनामा फाडला. पण खुर्चीवर बसायला तेवढं पुरत नाही. तुम्ही खोटं बोललात यावरून मी खरी ठरत नाही. दंतवैद्य म्हणतात तेही खरं असू शकतं. म्हणून दुग्धालयाला कळवलंय की मार्चपर्यंत रजेवर आहे. तोवर मी कुणाचंही लोणी पास करणार नाही.

माझ्याकडे तीन बाटल्या उरल्यात. एक या पत्रामागोमाग तुमच्याकडे येतेय. एक माझी. एक दंतवैद्यांच्या टेबलावर जाणार, होय, जाणार. तुमची बाटली टेबलाखाली ठेवा आणि तिला हात लावू नका. एक मार्चला, पहिल्या रविवारी, उघडा. त्याच दिवशी लिहा, त्याच दिवशी टाका. माझंही पत्र त्याच दिवशी निघेल. वाटेत एकमेकींना ओलांडून जातील. दोघींना एकच गोष्ट लागली तर माझी जीभ खरी. नाही लागली तर मी शांतपणे घरी बसेन आणि भरतकाम करेन, आणि तुमच्या नातवंडांच्या झबल्यांवर इतकी वाईट फुलं काढेन की तुम्हाला 'वा' म्हणणं अवघड जाईल.

खोक्यात साबणाची एक वडी ठेवली आहे. कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे.

तुमची विहीण


१ मार्च

विहीणबाई,

आधी बिअर. सकाळी दहाला माझी शेवटची बाटली उघडली, रिकाम्या पोटी, खिडकी बंद करून. बूच निघताना नीट 'फट्' आवाज झाला. रंग वाळक्या गवताचा, आरपार दिसतो. वास आधी गवताचा, मग जुनी चामड्याची बॅग उघडावी तसा, आणि ग्लास हातात थोडा तापला की मागून अननसाच्या सालीचा. आंबटपणा आता टोचत नाही, जिभेच्या दोन्ही कडांना धरून चालतो. तोंड कोरडं होतं, ते चांगलं आहे.

पण शेवटी एक दोष आहे. घोट गिळून झाल्यावर, तीन-चार अंक मोजावेत इतक्या वेळाने, घशाशी कडवटपणा येतो. संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग चावला की येतो तो. मी तीनदा तपासलं, मध्ये पाणी पिऊन, मध्ये सुका पाव खाऊन. तिन्ही वेळा आला.

दुपारी चवपरीक्षा झाली. हॉलमध्ये चौदा माणसं होती, प्रत्येकाची एक बाटली. दंतवैद्यांनी माझी ओतली, ग्लास उजेडात धरला, चमच्याने तार शोधली. नव्हती. घोट घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "निर्दोष!"

मी विचारलं, "शेवटी काही लागलं का?"

"काही नाही, बाई. निर्दोष."

"गिळून झाल्यावर? थोडं थांबून?"

"मी तुम्हाला पहिलं बक्षीस देतोय आणि तुम्ही माझ्याशी भांडताय?"

बाकीच्यांनीही एकेक घोट घेऊन मान डोलावली होती, ते हसले. मी प्रशस्तिपत्रक घेतलं आणि घरी आले. आता ते साखरेच्या डब्याखाली आहे.

गेल्या मे महिन्यात याच माणसाने ओतून द्या म्हटलं होतं, तेव्हा मला राग आला होता. आज बक्षीस दिलं तर भीती वाटली. कारण हॉलमध्ये कुणालाच तो कडवटपणा लागला नाही. चौदा माणसांत एकटीला लागतो, तर तो बिअरमध्ये आहे की माझ्या तोंडात? तापानंतर तोंडाला नसलेला कडवटपणा लागतो, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं.

तुमचं पत्र या क्षणी कुठल्या तरी थैलीत आहे. काय लिहिलंय ते मला माहीत नाही. 'वा' लिहिलं असेल तर पंधरा तारखेला मी त्या खुर्चीवर जाणार नाही, हे मी ठरवलंय आणि ते बदलणार नाही.

तुमची विहीण


१ मार्च

विहीणबाई,

सकाळी आंघोळ करून दुकानात आले. कारागीर बाईंना सुट्टी दिली. बटणांच्या बाटल्या समोर रांगेने ठेवल्या, म्हणजे खोटं लिहायला हात धजणार नाही.

बाटली उघडली. ओतताना फसफसली. मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या आवाजाने. रंग अस्तराच्या पिवळट कापडाचा, पण आरपार.

वासाला मला शब्द सापडेना. पुस्तक घरी ठेवून आले होते, मुद्दाम. मग आठवलं. आमच्या वडिलांची प्रवासाची बॅग होती, चामड्याची, वर्षातून एकदा उघडायची. तिच्या आत तोंड घातल्यावर येतो तसा वास. अजून काहीतरी फळाचं होतं, गोड नव्हे, कापून टाकलेल्या सालीसारखं. कुठलं फळ ते मला ओळखता आलं नाही. ओळखल्यासारखं लिहीत नाही.

पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं. दुसऱ्याला झालं नाही. तिसरा मी आपणहून घेतला. बिअर मला आवडली. हे तुमच्या मानासाठी लिहीत नाही, तिसऱ्या घोटासाठी लिहितेय.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी दुकानात दोन फेऱ्या मारून आले. शेवट मला आवडला नाही. गिळल्यावर लगेच काही नाही, आणि वाटतं झालं, तेवढ्यात घशाशी कडू येतं. संत्रं सोलताना सालीचा पांढरा भाग चुकून दाताखाली आला की येतं ना, तसं. मला वाटलं माझ्या तोंडातच काही असेल, म्हणून चूळ भरून पुन्हा घोट घेतला. पुन्हा आलं. नासपतीच्या साली जास्त वेळ पाण्यात राहिल्या असतील का? मला त्यातलं कळत नाही. पण कॉलर चांगली बसली आणि शेवटचं बटण वर-खाली लागलं, तर मी तो सदरा गिऱ्हाइकाला देत नाही. ही बिअर तशी आहे.

तुम्ही रागावला तरी चालेल.

साबणाची वडी मिळाली होती. चाटली. एकदाच. मग कपड्यांना वापरली, अर्धी उरली आहे. फेस चांगला होतो.

तुमची विहीण


५ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र मी दारातच उभं राहून वाचलं. 'शेवट मला आवडला नाही' इथपर्यंत आले आणि पायरीवर बसले.

साली तीन दिवस जास्त राहिल्या होत्या. माझा हलगर्जीपणा. कुणाला सांगितलं नव्हतं. या सप्टेंबरला वेळेवर काढेन.

पंधरा तारखेला सकाळी नऊला चवघर. दुग्धालयाला आत्ताच कळवलं. नवे व्यवस्थापक म्हणाले, बाई, चार महिने तुमच्यावाचून सगळंच पास होत होतं. मी म्हटलं, ते आता बंद.

बटणं डब्यात काढा आणि बाटल्या धुऊन पाठवा, बाराही, आणि मागून आलेली तेरावीही. रंगवार छान दिसत असतील, पण त्या माझ्या आहेत.

आणि साबणाची उरलेली अर्धी वडी बाटल्यांबरोबर ठेवा. दंतवैद्यांकडे नेऊन द्यायचीय.

तुमची विहीण